हस्त कोरडा गेला ते साल

यंदा हस्ताचं वाहन उंदीर आहे असं पंचांगात वाचलं, तेव्हा मी म्हटलं, उंदीर काय पाऊस आणणार, कप्पाळ! पण आणला. परळीत आमच्या गच्चीवर दोन दिवस असा काही कोसळला की वर्षभर साचलेली वीज केंद्राची राख धुऊन जिन्यावरून काळं पाणी खाली आलं. मी खराटा घेऊन ते पाणी लोटत होते, तेवढ्यात गावाकडून भावाचा फोन. सोयाबीन कापून गंजी लावली होती, ती भिजली आणि तिला कोंब फुटले. मी विचारलं, "मग आता?" तो म्हणाला, "मग काय, फाट्यावर गाड्या लागल्यात."

गाड्या लागल्यात म्हणजे ऊसतोडीला न्यायचे ट्रक आले. पूर्वी पाऊस पडला नाही की गाव जायचं, आता पडला तरी जातं. पावसाचं डोकं फिरलंय, असं भाऊ म्हणतो आणि त्याला आईमाईवरून शिव्या घालतो. मी ऐकून घेते. हस्त आला की माझंही डोकं फिरतं. दोन-चार दिवस मी घरात कुणाशी धड बोलत नाही. नवऱ्याला हे सवयीचं झालंय. त्या दिवसांत भाजी अळणी झाली तरी तो मुकाट जेवून उठतो.

दिंद्रुडच्या अलीकडे एका फाट्यावरून आत गेलं की आमचं गाव. गावात एक शिंपी, एक चहाची टपरी आणि एक किराणा दुकान. दुकान माझ्या वडिलांचं. त्यांना घरात आणि गावात सगळेच आप्पा म्हणायचे. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आणि गल्ल्याशेजारी खिळ्याला अडकवलेलं पंचांग. लोकांना नक्षत्रांची वाहनं वाचून दाखवणं हे त्यांचं बिनपगारी काम. मी सांगतेय त्या वर्षी हस्ताचं वाहन म्हैस होतं. म्हैस म्हणजे डुंबणारं जनावर, म्हणजे पाणीच पाणी. आप्पांनी ते अशा ऐटीत वाचलं होतं की ती म्हैस जणू त्यांच्याच गोठ्यातली.

पण पोळ्यापासूनच पावसानं तोंड फिरवलेलं. "पडल्या तर मघा, नाहीतर ढगाकडं बघा" म्हणत मघा गेल्या, पूर्वा गेल्या, उत्तरा गेल्या. बाजरीच्या कणसात दाणा भरला नाही. कापसाची बोंडं सुपारीएवढी झाली आणि तिथंच थांबली. उरला होता हस्त. तो पडला तर रानात ज्वारी पेरता येणार, आणि ज्वारी पेरली तर माणूस गावात राहणार. रोज दुपारी ढग यायचे. अंधारून यायचं, बाया पळत पळत पापड आणि कपडे आत घ्यायच्या, पत्रे वाजायचे, ओल्या मातीचा वासही यायचा, कुठून यायचा कोण जाणे. मग घटकाभरात लख्ख ऊन. बाया पुन्हा तेच कपडे दोरीवर टाकायच्या, एकमेकींशी न बोलता.

हस्त संपला त्या दिवशी गहिनीनाथ दुकानात आला. पायरीवर बसून तंबाखू मळत म्हणाला, "आप्पा, तुमची म्हैस भाकडच निघाली की!" आम्ही सगळे हसलो. आप्पा नाही हसले. त्यांनी पंचांग खिळ्यावरून काढलं आणि आत नेऊन ठेवलं.

गहिनीनाथ आमच्या मागच्या गल्लीतला. तिशीचा, अंगानं काटक, बोलायला मिठ्ठास. बायको शांता, दोन लहान पोरं आणि म्हातारी आई. आईचं नाव कौसाबाई, पण अख्खा गाव तिला कौसामाय म्हणायचा. तिच्या एका डोळ्यात फूल पडलेलं आणि दुसऱ्यानं ती सगळ्या गावावर नजर ठेवून असायची. मी कॉलेजला जाताना केस मोकळे सोडले की हाक ठरलेली: "नंदे, येणी घाल गं माय, भूत लागंल!" मी सतरा वर्षांची, बारावीला होते. माझा तेव्हा थाटच वेगळा होता. त्याच उन्हाळ्यात आप्पांनी दुकानात एसटीडीचा फोन घेतला होता. लाकडी खोकं, काचेचं दार आणि लाल आकडे पळणारं यंत्र. त्या खोक्याची मालकीण मी. सगळं बदलायला लागलं होतं म्हणे देशात. दुकानात एक रुपयाच्या शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लोंबत होत्या, थंड पेयाच्या बाटल्यांचे क्रेट येत होते. पाण्याचा टँकर मात्र चार दिवसांनी एकदा. बाटलीतलं काळं पाणी मिळत होतं आणि हंड्यात घालायला पाणी नव्हतं. तेव्हा याचं मला नवल वाटलं नाही, आता वाटतं.

ट्रक फाट्यावर लागले तो दिवस मला जसाच्या तसा दिसतो. पत्र्याच्या पेट्या, गोधड्यांची गाठोडी, पिठाचे डबे, डालग्यात कोंबड्या, गाठोड्यांवर बसवलेली शेंबडी पोरं. मुकादम खाली उभा राहून कोयते मोजत होता. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. नवऱ्यानं तोडायचं, बायकोनं मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवायच्या. एक जण पडला की दुसऱ्याचाही दिवस बुडाला. म्हातारी आई यात कुठंच बसत नाही.

हे कौसामायला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगूनही तिनं ऐकलं नव्हतं. तीही आपलं गाठोडं बांधून फाट्यावर आली होती. गहिनीनं तिला ट्रकपासून बाजूला घेतलं.

"मला बी ने रं," ती म्हणाली. "लेकरं संभाळीन. कोपीत पडून राहीन एका कोपऱ्यात."

"थंडीनं मरशील माय तिकडं. पाचटाच्या कोपीत वारं शिरतंय नुसतं."

"मंग हितं मरू का एकली?"

गहिनीनं गावाकडं, आमच्या दुकानाच्या दिशेनं हात केला. "हितं आप्पा हायती. नंदाताई हाय. फोन हाय आता. तुला काय झालं तर एक फोन, का मी आलो. तुझ्या गळ्याची आन."

म्हातारीनं माझ्याकडं बघितलं. मला काय वाटलं सांगू? मला अभिमान वाटला. माझ्या खोक्याचा. मी पुढं होऊन तिचं गाठोडं उचललं आणि म्हटलं, "काळजी करू नका कौसामाय, मी लावते की फोन." ट्रक हलला, धूळ उडाली, वरून शांता पदरानं तोंड झाकून रडत होती. कौसामायनं हात वगैरे काही हलवला नाही. ती धूळ खाली बसेपर्यंत तिथंच उभी राहिली.

गाव रिकामं होणं म्हणजे काय, हे ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. दारांना कुलूप आणि कुलपापुढं बाभळीचे काटे. कुत्री आठवडाभर आपापल्या दारात बसून राहिली, मग एकेक करून आमच्या दुकानापुढं आली. शाळेत गुरुजी चार पोरांना घेऊन लिंबाखाली बसायचे. दळणाची गिरणी आठवड्यातून दोनदा चालायची. दिवाळीला आईनं मला ताटं घेऊन घरोघर पाठवलं, तर प्रत्येक घरात एक म्हातारं नाहीतर एक म्हातारी. सगळ्यांचा एकच प्रश्न: "फोन आलता का कुणाचा?" मला तेव्हा कंटाळा यायचा. बारावीचा अभ्यास सोडून मी यांना काय काय सांगत बसू!

मार्गशीर्षात थंडी पडली आणि कौसामाय आजारी झाली. आधी खोकला, मग ताप, मग अन्न सुटलं. आईनं तिला आमच्या ओट्यावरच्या खोलीत आणून निजवलं. माजलगावचा डॉक्टर येऊन गेला. सुई टोचून बाहेर आला आणि हळूच म्हणाला, "मुलगा असेल तर बोलावून घ्या. वय झालंय." आप्पा माल आणायला परळीला गेलेले. आत कौसामाय एकच म्हणत होती, "नंदे, लाव गं माय फोन. गहिनीला डोळ्यांनी बघू दे. मग खुशाल मरते."

मी लावला फोन. सांगलीकडच्या साखर कारखान्याच्या फाटकाजवळ एक हॉटेल होतं, तिथला नंबर मुकादमानं देऊन ठेवला होता. आमच्या टोळीचा एक माणूस रोज तिथं चहाला यायचा, तोच नेमका फोनवर आला. आवाज आडातून आल्यासारखा. मी ओरडून सांगितलं, "गहिनीनाथला सांगा, त्याची आई लई सीरियस आहे. ताबडतोब निघून या म्हणावं." पलीकडं कपबशा वाजत होत्या. मग तो माणूस अगदी हळू आवाजात म्हणाला, "बरं ताई. सांगतो मी त्याला. तुमी दम धरा."

मला वाटलं, हा मला कशाला दम धरायला सांगतोय? पण लाल आकडे पळत होते. मी फोन ठेवला आणि आत जाऊन सांगितलं, "निघतोय गहिनीदादा."

कौसामायनं त्या दिवशी दोन घोट पेज घेतली. दुसऱ्या दिवशी अर्धी वाटी. येणाऱ्या लेकासाठी तिनं जीव धरून ठेवला, दुसरं काही नाही. डॉक्टरलाही नवल वाटलं. रोज सकाळी विचारायची, "निघाला का गं?" मी म्हणायची, "निघाला." "मंग कुठं आला असंल आता?" मी भूगोलाच्या पुस्तकातली गावं एकेक करून सांगायची. सांगली, मिरज, पंढरपूर, बार्शी. बार्शी झाल्यावर गावं संपली. मग मी सांगितलं, एसटी बंद पडलीय. खोटं बोलायला काय जातं? आणि आप्पा रोज त्या हॉटेलात फोन लावायचे, तर उत्तर यायचं की टोळी लांबच्या फडावर गेलीय, निरोप पोचलाय.

दोन आठवड्यांनी रज्जाक ड्रायव्हर आला. आमच्याच गावचा; ट्रकचं काहीतरी सामान न्यायला आला होता. दुपारची वेळ. आप्पांपुढं उभा राहून तो म्हणाला, "गहिनीचं लई वाईट झालं आप्पा. मायचं तोंड बी बघाया मिळालं न्हाई बिचाऱ्याला."

"कुणाच्या मायचं?"

"कुणाच्या म्हंजे? कौसामायचं. निरोपच तिसऱ्या दिशी गावला. समदे म्हणले, माती तर झाली असंल, आता जाऊन काय करतो? कोयता बसून ऱ्हाईल. मंग तिथंच कालव्यावर डोकं काढलं त्यानं. दहावं केलं. टोळीनं गोड भात केलता."

आप्पांनी ओट्याकडं बोट केलं. कौसामाय भिंतीला टेकून ऊन खात तूर निवडत बसली होती.

"या अल्ला," रज्जाक म्हणाला.

आमच्याकडं लांबच्या माणसाला मेल्याचा निरोप कुणी कधी सरळ देत नाही. वाटेत त्यानं काही करून घेऊ नये, धीरानं पोचावं, म्हणून सांगायचं, तब्येत बरी नाही, निघून या. गेवराईच्या काकांना माझ्या आजीचा निरोप असाच दिला होता, आणि ते एसटीतून उतरले तेच धाय मोकलून रडत. लहान पोराला विचारा, तोही सांगेल की सीरियस आहे म्हणजे गेलं. मला हे माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण मी खरं सांगत होते ना! खरं सांगताना माणूस विचार करत नाही.

आप्पांनी मला विचारलं, "काय सांगितलंस तू फोनवर?" मी शब्दन् शब्द सांगितला. त्यांनी तराजूचं पारडं पुसलं. मग म्हणाले, "मी असतो तर मीही हेच सांगितलं असतं." माणूस अजून जिवंत आहे, म्हणून या, असं सांगायची आमच्याकडं रीतच नव्हती. घरात आजारी पडलेल्याच्या उशाशी घरचंच माणूस असायचं, निरोप जायचा तो मेल्यावरच. गावं ओस पडायला लागली आणि हे उलटंपालटं झालं. रीत घालणाऱ्यांनी असा हस्त पाहिला नसणार.

रज्जाकनं सांगितलं, "ह्या बारीला फोन नको आप्पा. मी सौता जाऊन सांगतो, डोळ्यांनी बघितली म्हणून." तो तिला भेटायला ओट्यावर गेला. तिनं त्याला ओळखलं, आमच्या आईला चहा टाकायला लावला. तिच्याच दहाव्याचा गोड भात खाऊन आलेला माणूस तिच्यापुढं बसून चहा पीत होता आणि ती विचारत होती, "गहिनी भेटला का रं? बरा हाय का? कावून न्हाई आला अजून?"

"येतोय माय," रज्जाक म्हणाला. त्यानं बशी खाली ठेवली.

गहिनी आला तो सहाव्या दिवशी, सकाळच्या एसटीनं. डोक्याला कानांवरून घट्ट टापरं बांधलेलं. आईच्या पायांवर डोकं ठेवून तो असा हुंदका देऊन रडला की आमची आई आत निघून गेली. कौसामाय हसत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. आणि मग आया करतात तेच तिनं केलं. केसांतून हात फिरवायला म्हणून त्याचं टापरं सोडलं.

तिचा हात तसाच थांबला.

"हे काय रं?"

"उवा झालत्या माय. फडात लई उवा होत्यात."

तिनं बोटं त्याच्या तोंडावर आणली. चांगल्या डोळ्यानं जवळून बघितलं. "आन् मिशा बी उवांनीच खाल्ल्या व्हय?"

 आमच्याकडं मिशा कधी काढतात ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती. मी खांबाला धरून उभी होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "फोन मी केला होता. माझं चुकलं."

गहिनी माझ्याकडं वळला. "तुमचं काय चुकलं ताई? तुमी खरं बोललात. असल्या टायमाला खरं कुणी बोलतंय का?" त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

कौसामायनं त्याच्या डोक्याला पुन्हा टापरं बांधलं. मग म्हणाली, "लई रडलास का रं?"

"व्हय माय."

"शांता?"

"ती बी. दिवसभर जेवली न्हाई."

"आन् पोरं?"

"पोरांनी गोड भात खाल्ला."

"लेकरंच ती," ती म्हणाली. नंतर त्याला हातानं भाकरी कुस्करून दिली. तो जेवेपर्यंत बघत बसली. दुपारच्या गाडीला निघायचं होतं; शांता एकटी, कोयता बसलेला, मुकादमानं दोनच दिवस दिलेले. तो राहतो म्हणत होता, तिनंच त्याला उठवलं. "जा. तुझ्याकडनं झालं की समदं. डोकं काढलंस, दहावं केलंस, रडलास. आता काय ऱ्हायलं? जा बाबा, पोरगी एकली हाय." आणि आप्पांना हाक मारून त्याच्यासमोर सांगितलं, "आप्पा, आता मी गेले तर ह्याला फोन करू नका. एका माणसानं माझ्यापायी किती डाव रडावं?"

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी सकाळी ती गेली. आप्पा परळीला वैजनाथाच्या दर्शनाला निघाले होते, पिशवी खाली ठेवून परत फिरले. भाऊबंद सगळे फडात. उचलायला आप्पा, शिंपीकाका आणि शाळेचे गुरुजी. तीन. चौथा खांदा गावात मिळेना. माझा भाऊ तेव्हा जेमतेम आठ वर्षांचा. जे होते ते काठी टेकत चालणारे. आई म्हणाली, "पोरीच्या जातीनं मसणात जायचं?" आप्पा म्हणाले, "मग दुसरं कोण आहे, तूच दाखव." मी ओढणी कमरेला खोचली. तिचं वजन काहीच नव्हतं. पण खांदा एकाचा उंच, एकाचा ठेंगणा, तिरडी सारखी माझ्याकडं कलंडत होती आणि सगळ्या वाटेनं मी कौसामायला म्हणत होते, सांभाळा, पडाल. मला राग आला होता. पावसाचा, त्या भाकड म्हशीचा, मुकादमाचा, माझा. आजही तो गेलेला नाही, आणि जावा असंही मला वाटत नाही.

आप्पांनी फोन केला नाही. दिलेला शब्द पाळला त्यांनी. मी दोनदा काचेचं दार उघडून आत बसले आणि दोनदा उठून आले.

पाडव्याला ट्रक परत आले. गहिनी पेट्या उतरवायच्या आधीच दुकानाकडं आला. केस वाढले होते, मिशाही. माझं तोंड बघून त्याला सगळं कळलं असावं. तो पायरीवर बसला, तंबाखूची पुडी काढली, पण मळली नाही.

"कवा?" त्यानं विचारलं.

"शिवरात्रीच्या आदल्या दिवशी. सकाळी."

त्यानं मान हलवली. बोटांवर काहीतरी मोजलं, पुन्हा मोजलं. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "ताई, त्या दिशी सकाळी मी काय करत होतो, तेच आठवंना झालंय मला."